कणगीमागच्या रेघा

नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी 2018 च्या उन्हाळ्यात मायला तपासण्यापूर्वी आम्हाला एकच प्रश्न विचारला, की हे कधीपासून सुरू झाले? मी सहा महिने म्हणालो. बायकोने दोन वर्षे सांगितली, कारण भाजीत मीठ दोनदा पडू लागल्याचे तिच्या केव्हाच ध्यानात आले होते, आणि सुनेने सासूची चहाडी केली असे होऊ नये म्हणून ती गप्प राहिली होती. धाकटी बहीण सोबत आली होती; ती म्हणाली, "गेल्या पोळ्याले तिनं बैलाचं नाव चुकवलं, तवाच माह्या मनात पाल चुकचुकली होती." डॉक्टरांनी तिन्ही उत्तरे लिहून घेतली आणि तिन्हींवर विश्वास ठेवला नाही. पुढे सात वर्षे मी या विसराळूपणाच्या आजारावर, अल्झायमरवर, जे काही वाचले, ते सारे त्या एका प्रश्नापाशीच घुटमळत राहिले आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. शेती कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे चेतापेशीची आकृती फळ्यावर काढण्यात माझी अर्धी उमर गेली आहे, आणि तरीही घरातल्या घरात काय चालले आहे ते मला सर्वांत शेवटी कळले. नागपूर गाठण्याआधी गावाजवळच्या एका डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून मायला सहा महिने ब-12 जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली होती. ब-12 ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड आणि नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो उपचाराने जाऊ शकतो, म्हणून आधी ते तपासणे योग्यच असते. माझी तक्रार एवढीच, की त्या सहा महिन्यांत ना कोणी रक्त तपासले, ना कोणी मायला समोर बसवून चार प्रश्न विचारले.

नागपूरला ते प्रश्न विचारले गेले. तीस गुणांची ती चाचणी 1975 साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, आणि एक वाक्य लिहायला सांगतात. कागद-पेन पुढे येताच माय हसली आणि हात पदराखाली घेऊन बसली, कारण ती शाळेत एक दिवसही गेलेली नाही. तारखेच्या जागी तिने तिथी सांगितली, ती दोन दिवसांनी चुकली. शंभरातून सात वजा करायला सांगितल्यावर मात्र तिने डॉक्टरांनाच विचारले, "शंभर काय? किलो का रुपये?" किलो म्हणताच त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट असे ती थांबल्यावाचून म्हणत गेली, आणि डॉक्टरांनी पुरे म्हटल्यावरही आणखी दोन पायऱ्या उतरली. त्यानंतर डॉक्टरांनी मघाचे तीन शब्द विचारले. "कोन्ते शब्द?" माय म्हणाली. "तुम्ही तं काही बोललेच नाही." शब्द विसरणे मी समजू शकलो असतो. पण शब्द सांगितले गेले होते हेच तिच्या लेखी घडलेले नव्हते, आणि त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला.

जीवशास्त्राच्या अंगाने पाहिले तर त्या पाच मिनिटांत आजाराने आपला पत्ता सांगून टाकला होता. या आजारात चेतापेशींच्या आत धाग्यांचे गुंते होतात, आणि त्यांचा मेंदूतला प्रवास कानशिलाच्या आतल्या भागातून सुरू होतो. तिथे हिप्पोकॅम्पस नावाची वळी आहे आणि तिच्या उंबरठ्यावर एक लहानसा पट्टा आहे, जिथून नवी माहिती आत शिरते. हाइको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने 1991 साली शवविच्छेदनातील मेंदू तपासून या प्रवासाच्या पायऱ्या ठरवल्या, आणि त्यांतली पहिली पायरी नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. चाळीस वर्षे कापसाच्या वजनकाट्यावर उभे राहून पक्की झालेली वजाबाकी दुसरीकडे, आत खोलवर साठवलेली असते. तिथवर वाळवी उशिरा पोहोचते. म्हणून पासष्टपर्यंतचा हिशेब शाबूत राहिला आणि पाच मिनिटांपूर्वीचे तीन शब्द नाहीसे झाले.

न शिकलेल्या माणसाला वाक्य लिहायला लावणारी चाचणी हा अर्थात आमच्या देशात जुना प्रश्न आहे. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांमध्ये नव्वदच्या दशकात जे संशोधन झाले, त्यात या चाचणीचे हिंदी रूप मुद्दाम निरक्षरांसाठी घडवले गेले. त्यात वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायला लावतात, आणि तारखेऐवजी सकाळ आहे की दुपार, असे विचारतात. घराविषयी सांग म्हटले असते तर मायने डॉक्टरांची पुढची तीन अपॉइंटमेंट खाल्ली असती. पुढे देशभरातील साठीवरच्या लोकांचा जो मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले: साठ वर्षांवरील सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये, न शिकलेल्यांमध्ये आणि खेड्यांत अधिक आहे. हे तिन्ही रकाने मायला लागू होतात. शिक्षणाने मेंदूला शिल्लक पुंजी मिळते, असे यावर म्हटले जाते आणि मी ते खोटे मानत नाही. पण शाळेचा दाखला म्हणजेच शिक्षण, हे मोजमाप करणाऱ्याने मायला एकदा कापसाच्या काट्यापाशी पाहायला हवे होते.

डॉक्टरांनी कागदावर "संभाव्य अल्झायमर" असे लिहिले. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसत होता, परंतु आक्रसणे हा परिणाम झाला. तो कशामुळे आक्रसला, हे त्या चित्रात दिसत नाही. "संभाव्य" या शब्दाला मोठा इतिहास आहे. फ्रँकफुर्टच्या इस्पितळात 1901 साली ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली आणि अलोइस अल्झायमर हा डॉक्टर तिच्या शेजारी बसून प्रश्नोत्तरे टिपत राहिला. "मी मला हरवून बसले आहे," असे ती म्हणत असे. ती 1906 मध्ये वारली, तेव्हा त्याने तिच्या मेंदूच्या पातळ चकत्या चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि त्याला दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले खडबडीत ठिपके आणि पेशींच्या आत वळलेल्या धाग्यांचे गुंते. पुढची जवळजवळ शंभर वर्षे या आजाराचे निश्चित निदान करायचे म्हणजे हेच करावे लागे. माणूस आधी मरावा लागे.

हे ठिपके कशाचे आहेत, ते 1984 पासून उलगडत गेले. आपल्या चेतापेशींच्या आवरणात एक लांब प्रथिन असते. त्याला दोन विकरे, म्हणजे एन्झाइम, दोन ठिकाणी कापतात आणि मधला तुकडा सुटा होतो. त्याचे नाव बीटा अमिलॉइड. हा तुकडा बहुधा चाळीस अमिनो आम्लांचा निघतो, पण कधी कापणी दोन कड्या पुढे सरकते आणि बेचाळीसचा तुकडा निघतो, जो अधिक चिकट असतो आणि आपल्यासारख्यांना धरून बसतो. दुसरे प्रथिन टाउ. पेशीच्या आत वाहतुकीच्या ज्या सूक्ष्म नळ्या असतात, त्यांना ते मांडवाच्या बांबूंना दोरीने आवळावे तसे आवळून धरते; आजारात त्याच्यावर फॉस्फेटचे गट भलत्या जागी चिकटतात, दोरी सुटते आणि सुटलेल्या दोऱ्यांचे गुंते होतात.

आता खुणांविषयी. इंग्रजीतून आलेल्या बायोमार्कर या शब्दाला पाठ्यपुस्तकात काय म्हणतात ते बाजूला ठेवून मी वर्गात जैवखूण म्हणतो, कारण शेवटी ती खूणच आहे. पहिली भरवशाची खूण पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात सापडली, आणि ती उलटी होती: मेंदूत अमिलॉइड जितके साचलेले, तितके त्या पाण्यात बेचाळीसच्या तुकड्यांचे प्रमाण कमी. मुलांना हे पटत नाही. मी त्यांना बाजार समितीचे उदाहरण देतो. भाव वाढेल या आशेने शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला की समितीतली आवक घटते, आणि जाणता व्यापारी घटलेल्या आवकेवरूनच ओळखतो की गावोगावच्या खोल्या छताला लागल्या आहेत. मेंदूत तुकडे एकमेकांना धरून बसले, म्हणून पाण्यात उतरायला थोडेच उरले. आमच्याकडच्या मुलांना हे एका वाक्यात कळते.

दुसरी खूण थेट दाखवणारी आहे. अमिलॉइडला जाऊन चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन पेट स्कॅनमध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतले ठिपके पाहता येतात, हे पिट्सबर्गच्या संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केले. त्या द्रव्यातला कार्बन-11 दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. यवतमाळहून नागपूरला मोटारीने साधारण तीन तास लागतात, म्हणजे नऊ वेळा निम्मे. सोबत नेलेल्या द्रव्याचा पाचशेबारावा भाग उरेल. पुढे फ्लोरिन-18 ची द्रव्ये आली, ज्यांचा अर्धा होण्याचा काळ 110 मिनिटे आहे, त्यांचा तीन तासांनंतर एक तृतीयांशाच्या आसपास भाग शिल्लक राहतो. अंतर नावाची गोष्ट आमच्या भागात प्रत्येक आजाराला आडवी येते. अणूंनाही येते, हे मला या निमित्ताने कळले.

म्हणून तर रक्तातल्या खुणेची बातमी मोठी. टाउच्या साखळीत 217 क्रमांकाच्या जागी फॉस्फेट चिकटलेला जो प्रकार आहे, तो अमिलॉइड साचू लागल्यावर रक्तातही वाढतो. एका मिलिलिटरमध्ये तो पिकोग्रॅमच्या हिशेबात असतो, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. एक कोटी क्विंटल कापसात एक ग्रॅम सरकी शोधावी, तसे हे मोजमाप आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे 2025 मध्ये अशी पहिली रक्तचाचणी, टाउ-217 आणि अमिलॉइड-42 यांच्या गुणोत्तराची, मंजूर केली. तिच्यासाठी तपासलेल्या 499 नमुन्यांत जिथे होकार आला, तिथे 91.7 टक्के वेळा पेट स्कॅन किंवा मणक्यातल्या पाण्याने तो खरा ठरवला, नकार 97.3 टक्के वेळा खरा ठरला. आणि वीस टक्क्यांहून थोडे कमी नमुने मधल्या धूसर पट्ट्यात पडले, जिथे ना हो म्हणता येते ना नाही. शिवाय मूत्रपिंड कमकुवत असलेल्या माणसाच्या रक्तात हे टाउ अमिलॉइड नसतानाही वाढलेले दिसू शकते. ही चाचणी स्मृतीच्या तक्रारी असलेल्या पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी आहे, धडधाकट माणसाने उत्सुकता म्हणून करायची नाही.

माझ्या महाविद्यालयातला एक सहकारी मला नेमके तेच सुचवतो. तुझी आई अशी, तू सत्तावन्नचा, पुण्या-मुंबईला जाऊन एकदा रक्त देऊन ये. मी देत नाही, आणि त्याचे कारण भीती एवढेच नाही. संशोधकांमध्येच यावर मतभेद आहे. अमेरिकेतल्या अल्झायमर असोसिएशनच्या गटाने 2024 मध्ये म्हटले, की या खुणा आढळल्या म्हणजे आजार आहे, लक्षणे असोत वा नसोत. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय गटाने म्हटले, की लक्षणांवाचून नुसती खूण असलेला माणूस आजारी नव्हे, जोखमीत आहे. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, आणि त्यामागे शेतकऱ्याचा अनुभव आहे. गुलाबी बोंडअळीसाठी आम्ही शेतात कामगंध सापळे लावतो. त्यात एक पतंग सापडला म्हणून फवारणी करत नाहीत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर नुकसानीची पातळी ओलांडली असे धरायचे. सापळा खोटे बोलत नाही, पण पतंग म्हणजे फुटकी बोंडे नव्हेत. स्मृती शाबूत असताना अमिलॉइड घेऊन जगणारी आणि तशीच शांतपणे मरणारी वृद्ध माणसे संशोधकांना पुष्कळ सापडली आहेत.

मग अमिलॉइड निर्दोष आहे का? तसेही म्हणता येत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्यांकडे एकविसावे गुणसूत्र तीनदा असते, अमिलॉइडच्या मूळ प्रथिनाचे जनुक याच गुणसूत्रावर आहे, आणि त्यांच्या मेंदूंत चाळिशीपर्यंत हेच ठिपके भरतात. उलट आइसलँडमधील लोकांत 2012 साली त्याच जनुकातला असा बदल सापडला, की ज्यामुळे कापणी कमी होते आणि आजारापासून संरक्षण मिळते. कारण एका टोकाला पक्के आहे आणि परिणाम दुसऱ्या टोकाला. मधल्या वीस वर्षांत टाउ, मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या पेशींचा दाह, रक्तवाहिन्या, झोप हे सारे कसे एकमेकांत मिसळते, यावरच आज खरे काम चालू आहे. अमिलॉइड धुऊन काढणारे लेकानेमॅब हे औषध 1795 जणांवरच्या अठरा महिन्यांच्या चाचणीत उतरले. ठिपके बऱ्याच अंशी गेले. घसरण 27 टक्क्यांनी मंदावली, म्हणजे अठरा गुणांच्या मापात 0.45 गुणांचा फरक पडला. त्यासाठी दर पंधरवड्याला शिरेतून औषध, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव तर नाही ना हे पाहायला वारंवार एमआरआय. आमच्या गावाहून सकाळची एसटी चुकली, तर दिवस गेला.

या सर्व वाचनातून एक आकडा माझ्या मनात रुतून बसला. लक्षणे दिसण्याआधी सुमारे पंधरा ते वीस वर्षे अमिलॉइड साचू लागते. मायची लक्षणे आम्ही 2017 मध्ये, गुलाबी बोंडअळीच्या त्या वर्षी, ओळखली. म्हणजे सुरुवात 1997 ते 2002 च्या दरम्यान कधीतरी. त्या वर्षांत माय वेचणीचा सारा कारभार एकटी पाहत होती, तिने बहिणीचे लग्न जमवले होते, आणि वडील गेल्यावर सोसायटीचे कर्ज फेडले होते. त्या बाईच्या डोक्यात तेव्हाच काही साचत होते का, या विचाराने मी काही दिवस अस्वस्थ होतो आणि मग, खरे सांगायचे तर, मला त्या सुरुवातीचा पुरावा हवा झाला.

मायचा हिशेब भिंतीवर असे. सीतादहीच्या पूजेपासून वेचणी सुरू झाली की माजघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा उमटू लागत. वेचणाऱ्या प्रत्येक बाईची वेगळी खूण: एकीची फणी, एकीचे बेलपान, एकीचा नुसता गोल, कारण ती बांगड्यांची हौशी. खुणेपुढे रेघा, एक रेघ म्हणजे पाच किलो. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी मारून जुडी बांधायची. बाजाराच्या दिवशी माय भिंतीसमोर उभी राहून बोट फिरवी आणि पैसे वाटी. कोणा बाईने कधी वाद घातल्याचे मला आठवत नाही. पुढच्या दिवाळीला भिंत छुईच्या मातीने पोतारली की जुना हंगाम पुसला जाई. उरलासुरला मी पुसला: 2013 साली पुतण्याच्या लग्नासाठी मी भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर गुलाबी रंग दिला. फक्त कणगीच्या मागचा हातभर तुकडा, पोताऱ्याचे फडके आणि गवंड्याची थापी दोन्ही न पोहोचल्याने, तसाच राहिला.

गेल्या माघात मी दोन माणसे लावून कणगी सरकवली. मागे तीन खुणा होत्या, त्यांत एक मासोळी, आणि मासोळीची बाई एकाच हंगामाला आमच्याकडे होती. तिचे कुटुंब नंतर वीटभट्टीवर गेले. ते साल 2003 चे, हे मी शेजारच्या दोघांना विचारून पक्के केले. विजेरी धरून रेघा मोजल्या, तर जुड्या पाचाच्या नव्हत्या. कुठे सहा उभ्या रेघांवर आडवी, कुठे तिनांवरच, एका ठिकाणी आडवी रेघ मारायचीच राहून गेलेली. चाळीस वर्षे जिचा पाचाचा हात चुकला नाही, तिचा हात इथे चुकला होता, निदान होण्याच्या पंधरा वर्षे आधी. मी मोबाईलवर फोटो काढले, फोटोंना "माय, 2003" असे नाव दिले, आणि मला कबूल केले पाहिजे, की त्या क्षणी मला दुःखाच्या आधी समाधान वाटले. पुस्तकातला आकडा माझ्या भिंतीवर उतरला होता.

होळीला बहीण माहेरी आली, तेव्हा मी तिला फोटो दाखवले आणि सारे समजावून सांगितले, उंबरठ्यावरचा पट्टा, पंधरा वर्षे, सगळे. माय ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. सोललेले दाणे आणि टरफले एकाच टोपल्यात पडत होती आणि नात ते नंतर निवडत होती. बहिणीने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला.

"दादा, ह्या रेघा मायच्या नाही," ती म्हणाली. "ह्या माह्या हायेत. त्या साली माय टायफाईडनं पंधरा दिवस पडून होती, मी सासरहून आल्ती, तुले आठवत नाही काय? तू परीक्षेच्या कामानं अमरावतीले होता."

मी जुड्यांचे विचारले. पाचाची जुडी का नाही?

"पाचाचं मायचं होतं. मी दिवसाची एक जुडी बांधो. ज्या दिवशी तीस किलो आले, त्या दिवशी सहा रेघा. पंधरा आले तं तीन." तिने मोबाईल माझ्या हातात परत दिला. "हिशेब तं बरोबरच हाये. तू इचारलं कुठी कोनाले?"

आडवी रेघ राहून गेलेली जुडी तिने पुन्हा एकदा पाहायला मागितली. त्या दिवशी पाऊस आला होता, असे तिचे म्हणणे. वेचणी अर्ध्यावर सोडून बाया घरी गेल्या, आणि तो दिवस पुरा झालाच नाही.